पिकअपला साजेल असा वोनवागन

माझे घरमालक मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही की नाव विचारलं नाही. फाटकाशी येऊन माझ्या हातातली बॅग घेतली, क्षणभर उचलून धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "तेवीस. विमान कंपनीचा नियम पाळलेला दिसतोय. या आत."

दोन हजार तेरा-चौदाच्या सुमाराची गोष्ट. मी नाशिकहून नुकतीच आले होते, वोल्फ्सबुर्गला एका कंपनीत ब्रेकच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते आणि राहायला जागा मिळत नव्हती. त्याच कंपनीत खालच्या मजल्यावर गाड्यांच्या सांगाड्यांची चाचणी घेणारे एक कराडचे गृहस्थ आहेत आणि त्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, असं कळलं. घर शहराबाहेर एका खेड्यात होतं. मुलगा म्युनिकला शिकायला गेल्यामुळे वरच्या दोन खोल्या मोकळ्या होत्या. तो फोनवर आईशी जर्मनमध्ये बोलायचा, आई मराठीत उत्तर द्यायची आणि दोघांचं व्यवस्थित जमायचं. त्या भागातली सगळी मराठी मंडळी या जोडप्याला काका-काकू म्हणत. मीही म्हणू लागले.

काकांना वजनाचं वेड होतं. स्वयंपाकघरात काटा होता, पण त्यांना तो लागत नसे. दुकानात कोबी उचलला की आकडा सांगायचे, मग कोबी काट्यावर ठेवायचे आणि आकडा जुळला की आजूबाजूला बघायचे. एका ओळखीच्यांकडे बारसं होतं. बाळ काकांच्या हातात दिलं. आता हे आशीर्वाद देणार म्हणून सगळे थांबले. काकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "पाच, दोनशे." बाळाची आई दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन आली आणि तिने काकूंना फोन करून सांगितलं की आकडा बरोबर होता, पण तरी वाईट वाटलं. फक्त काकूंचं वजन ते कधी सांगत नसत. कुणी विचारलं तर म्हणायचे, तिथे आपला काटा चालत नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "ओढेल कुणीही. थांबवणार कोण?" ते मूळचं गाड्यांबद्दल होतं, पण काका ते कुठेही लावायचे. ब्राउनश्वाइगच्या गणपतीत यंदा मूर्ती मोठी आणू असं कुणी म्हटलं, की हे वाक्य. ऑफिसात साहेबांनी नवा प्रकल्प जाहीर केला, की हेच वाक्य, जर्मनमध्ये. एकदा मी पुण्यातल्या एका मुलाशी लग्नाचं बोलणं चाललंय असं सांगितलं, तेव्हाही ते हेच म्हणाले. मी चार दिवस त्यावर विचार केला आणि अजूनही त्याचा अर्थ मला लागलेला नाही.

वोल्फ्सबुर्ग म्हणजे मोटारींचं गाव. तिथे सगळे एकाच कारखान्याच्या, बहुतेक करड्या रंगाच्या, लांबट गाड्या चालवतात आणि दर काही वर्षांनी तसलीच नवी घेतात. अशा गावात काकांनी एक दिवस जुनी पिकअप आणली. गडद हिरवी, चार दारांची, मागे उघडा हौदा. जंगलात लाकूड तोडणाऱ्या एका ठेकेदाराकडून घेतलेली. पुढे त्याने बसवलेला लोखंडी बंपर आणि दोर गुंडाळायचं यंत्र. आत कुत्र्याचा आणि राळेचा वास. काकांनी महिन्याभरात हौद्यावर लोखंडी छप्पर चढवलं आणि आत खणांचं भक्कम कपाट बसवलं. काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढंच विचारलं, "अहो, यात चढायचं कसं?"

गाडी काकूंसाठीच घेतली होती, हे मला नंतर कळलं. काकूंना हॉटेल मानवत नसे. हॉटेलात त्यांना झोप लागायची नाही. भाड्याच्या सुट्टीच्या घरात गेल्या तर पहिला दिवस तिथला ओटा घासण्यात जायचा आणि शेवटचा दिवस आपण किती घासला हे मालकिणीला कळावं म्हणून पुन्हा घासण्यात. वीस वर्षं जर्मनीत राहून त्यांनी समुद्र बघितला नव्हता. त्यांचं म्हणणं साधं होतं: आपलाच ओटा, आपलीच भांडी आणि खिडकीतून समुद्र. म्हणजे वोनवागन. गाडीच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची खोली, आत पलंग, शेगडी, सिंक, सगळं. काकांनी ते मनावर घेतलं आणि आधी तो ओढणारी गाडी घेतली. मग तिला साजेल असा वोनवागन शोधायला लागले. तो शोध दोन वर्षं चालला.

मला वाटायचं, यात शोधायचं काय? पिकअपच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं की ही तीन टन ओढते. वोनवागन तर त्याच्या निम्म्याचे मिळतात. हे मी एकदा बोलून गेले. आम्ही ब्राउनश्वाइगच्या भारतीय दुकानातून तांदूळ आणि कांदे घेऊन बाहेर पडत होतो. काकांनी तिथेच पार्किंगमध्ये सामानाची हातगाडी थांबवली, कांद्याची गोणी मागच्या टोकाला सरकवली आणि मला म्हणाले, पळ घेऊन. मी पळाले. गाडी माझ्यामागे शेपूट हलवत नाचली आणि एका करड्या गाडीला लागता लागता राहिली. मग त्यांनी गोणी अगदी पुढे, माझ्या हाताशी ठेवली. आता गाडी सरळ आली, पण माझा खांदा निखळायची वेळ आली.

"कळलं?" काका म्हणाले. "तीन टन हे फक्त ओढण्याचं झालं. वोनवागनचं नाक आपल्या हुकावर बसतं. ते खाली किती दाबतं, ती श्टुट्झलास्ट. कमी दाबलं तर मागचा डबा नाचतो. जास्त दाबलं तर आपल्या गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग आपलं ऐकत नाही. आणि जेवढं नाक दाबतं तेवढं आपल्याच गाडीत सामान भरलंय असं धरायचं. त्यात माणसं धर. पेट्रोल धर. हे छप्पर धर. मग बघ तुझे तीन टन कुठे जातात ते."

दुकानाच्या दारात चार माणसं हे ऐकत उभी होती. त्यातला एक नंतर काकांचा फोन नंबर मागत होता.

हॅनोव्हरला वोनवागनचं प्रदर्शन भरलं तेव्हा आम्ही तिघं गेलो. विक्रेत्याने काकांकडे कोणती गाडी आहे ते विचारलं आणि हसून म्हणाला, मग काळजी नको, ती काहीही ओढेल. 'काहीही' हा शब्द त्याने वापरायला नको होता. काका कोट काढून वोनवागनखाली शिरले आणि आसावरची वजनाची पट्टी वाचत उताणे पडून राहिले. बाहेर फक्त बूट दिसत होते. एक वयस्क जोडपं आलं, त्यांना वाटलं हा इथलाच माणूस. त्यांनी वाकून न्हाणीघराबद्दल काही विचारलं. काकांनी खालूनच सविस्तर उत्तर दिलं आणि हा मुळीच घेऊ नका म्हणून सांगितलं. जोडपं आभार मानून निघून गेलं. विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

हे चालू असताना काकू वरती आत बसल्या होत्या. त्यांनी सगळे खण उघडले, मिटले, शेगडीची बटणं फिरवून बघितली. परत येताना गाडीत मला हळूच म्हणाल्या, "मी मनातल्या मनात पोहे केले तिथे. फोडणीपर्यंत सगळं व्यवस्थित झालं."

पण काकांनी तो नाकारला. पुढचेही सगळे नाकारले. एकाचं नाक जड, एकाचं हलकं. एकाचं कागदावरचं रिकामं वजन म्हणजे शुद्ध थाप, कारण त्यात ना गॅसची टाकी धरली होती, ना बॅटरी, ना पाणी. काकूंनी त्या काळात चिडणं सोडून दिलं होतं. कुणी विषय काढला तर म्हणायच्या, "आमचं लग्न ठरताना हे मला दहा मिनिटं बघून गेले होते. तेव्हा कुठे गेली होती श्टुट्झलास्ट?"

शेवटी वोनवागन सापडला तो शेजारच्या घरात. शेजारी एक फ्राऊ, म्हणजे जर्मन बाई, एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्याचा वोनवागन त्यांच्या कोठारात ताडपत्रीखाली उभा होता. काकू आणि त्या रोज दुपारी एकत्र कॉफी पीत. तरी दोन वर्षांत ही गोष्ट काकांपर्यंत पोचली नव्हती, कारण ते शेजाऱ्यांना गाड्यांबद्दल सांगत असत, विचारत नसत. आता त्यांनी लागोपाठ तीन शनिवार त्या वोनवागनची तपासणी केली. नाकाखाली लाकडाचा ठोकळा, ठोकळ्याखाली न्हाणीघरातला काटा, असं करून नाकाचं वजन घेतलं. सगळं जुळलं. पिकअपसाठीच बनवला असावा असा तो वोनवागन होता. काका थोडे उदास झाले. शोधायला आता काही उरलं नव्हतं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "हाच."

व्यवहार फ्राऊच्या स्वयंपाकघरात झाला. टेबलावर आलुबुखारचा केक होता. फ्राऊनी चावी काकांपुढे सरकवली आणि सहज विचारलं, तुमच्या फ्युररशाईनवर ट्रेलरचा वर्ग आहे ना? माझ्या नवऱ्याचा परवाना जुना होता, त्यात सगळंच चालायचं. हल्ली वेगळी परीक्षा असते म्हणतात.

काका हसले. पाकिटातून परवान्याचं कार्ड काढलं, उलटं केलं, चष्मा वर सरकवला. मग चष्मा खाली आणला. मग कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. पंधरा वर्षांपूर्वी, नियम बदलल्यानंतर, भारतातला परवाना बदलून मिळालेलं ते कार्ड होतं आणि त्यावर साध्या गाडीचा वर्ग सोडून काही नव्हतं. तेवढ्या परवान्यावर त्या जड पिकअपमागे साडेसातशे किलोंपर्यंतचा गाडा जोडता येतो. बागेतला पालापाचोळा न्यायला बरा. म्हणजे पिकअपची क्षमता तीन टन, आणि काकांची पाऊण.

 काकू उठून कपबशा घेऊन सिंककडे गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

काकांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. परीक्षेच्या दिवशी काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तिथला शिक्षक फ्राऊच्या भाच्याचा मित्र होता, त्याच्याकडून कळलं ते असं: काकांनी आधी स्कूलच्या ट्रेलरची तपासणी केली. तशी ती करायचीच असते, पण काकांनी एका चाकात हवा कमी असल्याचं दाखवून देऊन परीक्षा पुढे ढकलावी अशी परीक्षकाला सूचना केली. परीक्षकाने हवा भरून घेतली. मग डावीकडच्या कोपऱ्यातून ट्रेलर उलटा न्यायचा होता. काकांनी घरी काड्यापेट्या जोडून त्याचे कोन काढले होते. ते तीनदा खाली उतरून बघून आले आणि चौथ्यांदा ट्रेलर गाडीच्या अंगावर असा दुमडला की परीक्षकाने स्वतःच दार उघडून उतरायचं ठरवलं.

घरी आल्यावर काका एवढंच म्हणाले, "परीक्षकाला श्टुट्झलास्ट विचारली. त्याला सांगता आली नाही."

त्यांनी पुन्हा नाव घातलं नाही. वोनवागनचे टायर जुने आहेत, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायला लागले. ताडपत्री परत चढली. त्यांचं दुःख मला दिसत होतं, पण त्यांच्याशी त्याबद्दल बोलायची सोय नव्हती. हसावं तर त्यांना लागायचं आणि न हसावं तर आपल्याला अवघड. आणि नेमकं त्याच वर्षी काकूंच्या आई कराडहून उन्हाळ्यात यायच्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे. गुडघे दुखरे. एवढा प्रवास त्या पुन्हा करणार नव्हत्या, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. आईला समुद्राकाठी आपल्या ओट्यावरचे पोहे खायला घालायचे, हे काकूंनी मनात धरलं होतं. त्या ते बोलून दाखवत नव्हत्या. फक्त दर मंगळवारी संध्याकाळी योगाला जायला लागल्या.

योगा शेजारच्या गिफहॉर्न गावात होता. एकदा बस चुकली म्हणून मी त्यांना सोडायला गेले. त्यांनी मला ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात गाडी थांबवायला सांगितली. साध्या गाडीचा परवाना त्यांच्याकडे होताच, आता त्यांना ट्रेलरचा वर्ग हवा होता. उतरताना म्हणाल्या, "यांना बोलू नकोस. यांनी शिकवायला घेतलं तर मला येणार नाही."

मी बोलले नाही. फ्राऊला तर सुरुवातीपासून माहीत होतं. त्यांनी स्वतःच काकूंना तिथे नेलं होतं. दुपारी काका कामावर असताना दोघी फ्राऊच्या अंगणात बागेतला छोटा गाडा फ्राऊच्याच छोट्या गाडीला जोडून उलटा घ्यायचा सराव करत. काकूंना त्यात काही कोन वगैरे दिसत नव्हते. ज्या बाजूला गाड्याचं ढुंगण जायला हवं त्याच्या उलट बाजूला आधी हात फिरवायचा आणि मग त्याच्यामागे जायचं, एवढंच आहे, असं त्या म्हणाल्या.

पहिल्याच परीक्षेत त्या पास झाल्या. एका रविवारी जेवताना काकांच्या ताटाशेजारी त्यांनी नवं कार्ड ठेवलं, जसं लोणचं वाढावं तसं. काकांनी ते उचललं. दोन्ही बाजूंनी वाचलं. वरण थंड होत होतं.

"उलटी घेतलीस?" त्यांनी विचारलं.

"घेतली."

"डावीकडे?"

"परीक्षेत डावीकडेच असते."

काकांनी कार्ड ताटाशेजारी परत ठेवलं. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, हात धुतले आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने ड्रिलचा आवाज यायला लागला. मी वरच्या खिडकीतून बघितलं. ते ड्रायव्हरच्या दाराखाली पाय ठेवायला एक पायरी बसवत होते. ती झाल्यावर आत बसून त्यांनी सीट पुढे सरकवली, उंच केली, खाली उतरून लांबून बघितली, पुन्हा चढले आणि आणखी थोडी उंच केली.

उन्हाळ्यात काकूंच्या आई, म्हणजे आजी, आल्या. त्यांच्या बॅगेत गोडा मसाला, मेतकूट आणि पितळी खलबत्ता होता. काकांनी या सगळ्याचं वजन घेतलं. आता राहिल्या आजी. काकांनी दोन दिवस धीर गोळा केला आणि तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातला काटा त्यांच्या पायाशी आणून ठेवला.

आजींनी काट्याकडे बघितलं. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "लग्नात हुंडा मागितला नाहीत म्हणून आम्ही गावभर कौतुक सांगितलं. आणि आता वजन मागताय?"

काका काटा घेऊन परत गेले. पण हार मानली नाही. संध्याकाळी आजींना म्हणाले, गाडीत बसून बघता का, गुडघ्यांना सोसेल ना? आजी चढून बसल्या. काका चाकाशी उकिडवे बसून टेपने चाक आणि पत्रा यांच्यामधलं अंतर मोजत होते. रिकाम्या गाडीचं अंतर आधीच मोजून ठेवलं होतं. आजींनी खिडकीतून खाली डोकावून बघितलं.

"किती आलं?"

"त्रेपन्न," काका ओशाळून म्हणाले.

"साडी धरून?"

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही आधी गावातल्या शेतकरी सोसायटीच्या वजनकाट्यावर गेलो. धान्याच्या ट्रॉल्या जिथे तोलतात तो काटा. पिकअपमध्ये काका, काकू, आजी, मागे वोनवागन. मी माझ्या छोट्या गाडीत मागून, कारण माझं वजन पिकअपमध्ये बसणार नाही असा निर्णय झाला होता. वोनवागन वेगळा तोलला. अचूक भरला. काकांनी छाती फुगवली. मग माणसांसकट पिकअप तोलली. शंभर किलो जास्त.

काका म्हणाले काटा चुकतोय. काट्यावरचा माणूस म्हणाला, चुकत नाही, परवाच तपासलाय. शंभर किलोंनी काय होतं, असंही तो म्हणाला आणि पिकअपकडे प्रेमाने बघत पुढे म्हणाला, ही काहीही ओढेल. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो केबिनमध्ये निघून गेला. मग काकांची नजर खलबत्त्याच्या पिशवीकडे वळली.

"आईच्या पिशवीकडे बघू नका," काकू स्टिअरिंगवरूनच म्हणाल्या. "तुम्ही तुमचं किती धरलंय?"

"सदुसष्ट."

"कधीचं?"

ते नोकरीला लागतानाच्या वैद्यकीय तपासणीतलं होतं. काकांनी वोनवागनमधून न्हाणीघरातला काटा आणला, सोसायटीच्या अंगणात ठेवला आणि त्यावर उभे राहिले. उतरले. बूट काढले आणि पुन्हा उभे राहिले. मग गुपचूप बूट घातले. शिवाय त्या दिवशी पहाटे त्यांनी हत्यारांची मोठी लोखंडी पेटी कपाटात सरकवली होती, तीही हिशेबात नव्हती.

काकूंनी पेटी घरी ठेवायला सांगितली. काका म्हणाले, पेटीशिवाय ते कुठेही येणार नाहीत. रस्त्यात काही झालं तर? काकूंनी क्षणभर विचार केला.

"मग पेटी आणि तुम्ही, दोघंही हिच्या गाडीतून या."

आजींनी मागून काकूंना विचारलं काय झालं, काकूंनी सांगितलं. आजींनी काच खाली केली. "जावईबापू, या तुम्ही सावकाश," त्या म्हणाल्या. "आम्ही पुढं होतो."

काकांनी माझ्या गाडीच्या मागच्या भागावर हाताने दाब देऊन बघितला, पेटी मागच्या सीटच्या पायथ्याशी, बरोबर मधोमध ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. पहिला तासभर त्यांनी मला अंतर राखायला शिकवलं. नजर पुढच्या वोनवागनच्या पाठीवरून हलत नव्हती. गाडी स्वतः चालवली असती तर त्यांना हे कधी दिसलंच नसतं, हे माझ्या मनात आलं.

ब्रेमेनच्या अलीकडे ऑटोबानवर मोकळा उंचवटा आला, डावीकडून एक उंच बस वेगात पुढे गेली आणि तिच्या वाऱ्याने वोनवागनची शेपटी हलली. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. काकांनी समोरचा डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला. "गॅसवरचा पाय काढ," ते पुटपुटले, "स्टिअरिंग धरून ठेव, ओढू नकोस, फक्त गॅस सोड." हे ते पुढच्या गाडीतल्या काकूंना सांगत होते, ज्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं.  त्या गाडीत आजी होत्या. वोनवागन तिसऱ्यांदा हलला, पण आधीपेक्षा कमी. मग वेग उतरत गेला आणि तो हळूहळू सरळ झाला. मागचे ब्रेकचे लाल दिवे एकदाही लागले नाहीत.

काकांनी हळूहळू डॅशबोर्ड सोडला.

"हे मी तिला शिकवलं नव्हतं," ते म्हणाले. आणि मैलभर गेल्यावर, "किंवा मी बोलत असेन आणि ती ऐकत असेल."

त्यानंतर त्यांनी मान मागे टेकली आणि झोपले. इतक्या वर्षांत त्यांना चालत्या गाडीत झोपलेलं कुणी बघितलं नव्हतं, असं काकू नंतर म्हणाल्या. कुक्सहाफेनजवळच्या समुद्रकाठच्या कॅम्पिंगच्या मैदानात शिरेपर्यंत ते घोरत होते. काकूंनी वोनवागन दोन हिरव्या कुंपणांमधल्या जागेत उलटा घातला तेव्हा मी त्यांना उठवलं. त्यांना शेवटचा भाग तेवढा बघायला मिळाला. शेजारच्या तंबूतला एक जर्मन गृहस्थ टाळ्या वाजवत होता. काकांनीही दोनदा वाजवल्या आणि हात खिशात घातले.

आम्ही आजींना हळूहळू समुद्र अडवणाऱ्या मातीच्या उंच बांधावर चढवलं. वर पोचलो आणि थांबलो. समोर समुद्र नव्हता. क्षितिजापर्यंत करडा, ओला, चमकणारा चिखल होता आणि त्यात लांबवर पक्षी चालत होते.

आजींनी डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. "समुद्र कुठाय?"

काकूंनी आणि मी काकांकडे बघितलं. त्यांनी रस्त्यावरच्या चढांची माहिती काढली होती, पुलांची काढली होती, वाऱ्याची काढली होती. भरती-ओहोटी बघितली नव्हती. ते जवळच्या फलकापर्यंत गेले, वाचून आले आणि म्हणाले की इथे समुद्र आत जातो, संध्याकाळी परत येईल.

"कोण नेतं त्याला?"

"चंद्र ओढतो."

आजींनी आकाशात बघितलं. चंद्र काही दिसत नव्हता. "एवढ्या लांबून?" त्या म्हणाल्या, आणि काका समजावून सांगायला खाली बसणार इतक्यात आजींनी चपला काढल्या. त्यांना त्या चिखलात जायचं होतं. गुडघ्यांचं काय, असं काकूंनी विचारलं, तर मऊ तर आहे, म्हणाल्या. काकांनी पँट दुमडली आणि त्यांचा हात धरला. दोघं घोट्यापर्यंत रुतत, थांबत, हसत बरंच आत गेले. आजी एकदा बसल्याच. काकांनी त्यांना उठवलं, उठवताना स्वतः बसले.

परत आले तेव्हा दोघंही पोटऱ्यांच्या वरपर्यंत काळे झाले होते. काकूंनी दारातच हात आडवा धरला. नव्या जाजमावर असे पाय चालणार नाहीत. पाय धुवायचा नळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि तिथपर्यंत चालायची दोघांचीही तयारी नव्हती. मग त्यांना पोहे पायरीवरच दिले. जावई आणि सासू शेजारी शेजारी बसून खात होते. आजींनी विचारलं, मिठाला बरोबर आहे ना? काका म्हणाले, बरोबर आहे.

मी गवतावर पडून होते. आत काकूंनी भांडी घासायला घेतली. ओट्यासमोरच्या खिडकीतून बांधाला पडलेली खिंड आणि तिच्यापलीकडचं सगळं सरळ दिसत होतं. हळूहळू आतून भांड्यांचा आवाज थांबला. मी मान वर करून बघितलं, तर काकू हातात फेसाळलेली कढई धरून नुसत्या बाहेर बघत उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने पुन्हा नळ सुरू झाला. कढई धुतली, पुसली, जागेवर ठेवली, ओटा दोनदा पुसला. मग पदराला हात पुसत त्या दारात आल्या आणि पायरीवरच्या दोघांना म्हणाल्या, "आला बघा."